बारा मिलिमीटर

होयर्सवेर्डात, चौथ्या मजल्यावर,
हान्द्रियनं आतल्या खोलीचं दार काढून
टेबलावर आडवं टाकलंय.
त्या दारावर आमचं गाव आहे,
एकास सत्त्याऐंशी या मापात.
पाव भाजायचं भट्टीघर काडेपेटीएवढं,
लिंडनचं झाड वीतभर,
वेशीवरची पाटी दोन्ही भाषांत,
भिंगाखाली लिहिलेली.
वाचता येत नाही. पण आहे.

आता गवत.
पहिल्या हिवाळ्यात त्यानं ते चिमटीनं भुरभुरलं होतं,
तर निजून राहिलं, घोंगडीसारखं.
मग प्लास्टिकच्या बाटलीत भरून फुंकलं:
कडेला बरं आलं, मधे टक्कल.

शेवटी डास मारायची रॅकेट फोडली,
तिच्या पोटातली वीज
चहाच्या गाळणीला जोडली.
डिंक ताकाइतका सैल करून जमीन सारवायची,
ओल्या सारवणात एक खिळा टोचायचा,
खिळ्याला तार, तार पुन्हा त्या पोटात.
गाळणीत नायलॉनचे तुकडे, दोन मिलिमीटर,
रंग मेच्या शेवटाचा.

बटण दाबून गाळणी हलवली
की पीठ चाळल्यासारखं वाटतं,
पण पिठासारखं पडत नाही ते.
एकेक तंतू हवेतच ताठ होतो
आणि टोकावर उतरतो डिंकात.
शेजारी शेजाऱ्याला खेटू देत नाही,
म्हणून कुणीच आडवं होत नाही.

एकदा बटण चालू असताना बोट लागलं तारेला.
तीस वर्षं खाणीतलं यंत्र चालवलेला माणूस
रॅकेटच्या झटक्याला ‘आई गं’ म्हणाला, सोर्बीत.
किती दिवसांनी ऐकली मी ती
त्याच्या तोंडून.

ते यंत्र. त्याचं चाक दुब्राव्काकडे वळलं
तेव्हा त्यानं पाळी बदलून मागितली.
दुसऱ्या कुणीतरी केलं ते काम.
पगार सगळ्यांचाच झाला.

मी म्हटलं, भट्टीघरामागं चुकलंय तुझं.
गवत एवढं बुटकं नव्हतं.
तो म्हणाला, मार्हाता, बाबा दर शनिवारी कापायचे.
दोन मिलिमीटर बरोबर आहे.

कापायचे.
शेवटच्या उन्हाळ्यात नाही.
तू तेव्हा इथं होतास,
नव्या घराचे नळ गळतात का बघत.
कशाला कापायचं होतं कुणी?
ऑगस्टपर्यंत दाराच्या कडीला लागलं.
श्नाइडरबाईच्या कोंबड्या आत शिरल्या
की नुसता आवाज यायचा.
सकाळी त्यातून गेले तर
माझा स्कर्ट कमरेपर्यंत ओला.
बाबा पायरीवर बसून
विळ्याला धार लावायचे.
धार लावायचे, भिंतीला टेकवून ठेवायचे.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तो काही बोलला नाही.
व्हॅक्यूमच्या नळीला माझा जुना मोजा बांधून
न चिकटलेलं गवत ओढून घेतलं त्यानं,
मोज्यातून पुन्हा डबीत झटकलं.
काही वाया घालवत नाही तो.

पंधरा दिवसांनी पार्सल आलं.
बारा मिलिमीटर, वाळल्या गवताच्या रंगाचं.
त्याच्या मापात कडीएवढं.
मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.

लांब तंतू सहजी उभे राहत नाहीत.
आधीच्या गवताच्या शेंड्यांवर डिंकाचा फवारा,
मग गाळणी अगदी बोटभर अंतरावर आणायची
आणि थांबायचं.
खिळ्याची तार मी धरली, रबरी हातमोजा घालून.
भट्टीघराची मागची भिंत
अर्धी दिसेनाशी झाली.

पायरीपर्यंत? त्यानं विचारलं.
पायरीपर्यंत.

आणि पायवाट?
तिच्यासाठी त्यानं रेती चाळून ठेवली होती,
खाणीकाठची, खरी.

मी जरा वेळ आठवत बसले.
शेवटी शेवटी नव्हती, म्हटलं.

त्यानं रेतीच्या डबीला झाकण लावलं
आणि बटण दाबलं.